उकललेल्या बिड्या

फेब्रुवारी सरत आला की बेळगावच्या आमच्या शाळेत दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात, मुलींचं पाठांतर आणि माझी धास्ती. परीक्षा त्यांची असते. मी आता बाई आहे, लाल शाईचं पेन माझ्या हातात असतं, तरी हॉल तिकिटांचा गठ्ठा ऑफिसातून वर्गावर आला की तळहाताला घाम मलाच सुटतो. शिक्षकांच्या खोलीत यावरून माझी यथेच्छ चेष्टा होते. मीही हसते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण ते दरवेळी सांगत बसायचं नसतं.

या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी निपाणीची गाडी धरली. आईच्या शेजारणीनं, शेवंताकाकूंनी, सुनेकडून कार्ड लिहवून घेतलं होतं. 'तुझ्या आईनं आठ दिस झाले, सूप मांडीवर घेतलं न्हाय. येऊन जा.' माझी आई बिड्या वळते. पान, तंबाखू आणि दोरा भरलेलं ते सूप मी जन्मायच्या आधीपासून तिच्या मांडीवर आहे. त्या मांडीसाठी मी लहानपणी सुपाशी भांडले आहे आणि बहुतेक वेळा हरले आहे. त्यामुळं आईनं सूप खाली ठेवलं, हे वाचून मी कार्ड पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं.

तवंदीचा घाट उतरला आणि निपाणी दिसायच्या आधी वास आला. सुकलेल्या तंबाखूचा वास, गूळ, धूळ आणि मिरची यांच्या मधलंच काहीतरी. नवखा माणूस शिंकून बेजार होतो. आमच्या गल्लीत नवी सून आली की पहिल्या हंगामात ती दिवसाला किती शिंकते यावर बायकांच्या पैजा लागतात. मला त्या वासानं शिंक येत नाही. मला एक वर्ष आठवतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं ते वर्ष, मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते तेव्हाचं.

आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. वडील मी लहान असतानाच गेले. आईनं मला बिड्यांवर शिकवलं. बुद्धविहारात माझं नाव घेऊन इतर पोरींना बोलणी बसायची, 'ती सुजाता बघा, काय शिकतीया!' मराठी शाळेत मी हुशार होते, त्यात खोटा विनय नको. पण कॉलेजात सगळं इंग्रजीतून. जानेवारीत एके दिवशी इंग्रजीच्या सरांनी मला उभं केलं. प्रश्न कळला होता. उत्तरही येत होतं, पण मराठीत. तोंडातून शब्द फुटेना. मागून हसू ऐकू आलं. सर 'सिट डाऊन' म्हणाले आणि धडा पुढं सरकला. वर्गाच्या लेखी गोष्ट तिथं संपली. मी मात्र पुढचे दोन महिने तिथंच उभी होते.

मन कसं काम करतं ते बघा. पहिल्या दिवशी ते म्हणालं, कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी म्हणालं, सगळे हसले. आठवड्यानं, तुला इंग्रजी येत नाही. महिन्यानं, तुला काहीच येत नाही, कधी येतही नव्हतं, शाळेतले मार्क मास्तरांनी दयेनं दिले होते. आणि शेवटी, आई तुझ्यापायी बोटं झिजवते आणि तू तिला तोंडघशी पाडणार. यातलं एकेक वाक्य मला तेव्हा शपथेवर खरं वाटत होतं. राईचा पर्वत म्हणतात. माझा पर्वत एवढा झाला होता की राई कुठं पडली तेही मी विसरले होते.

मी कॉलेजला जायचं सोडलं. पहाटे चारलाच जाग यायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. भाकरी मातीसारखी लागायची. पुस्तकातली एक ओळ सहा वेळा वाचली तरी सातव्या वेळी नवीच वाटायची. केस विंचरायला हात उचलायचा म्हणजे संकट. शेवंताकाकू म्हणाल्या, पोरीला नजर लागली. डॉक्टरांनी लाल रंगाचं टॉनिक दिलं, ते गोड होतं, तेवढाच त्याचा गुण. डिप्रेशन हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. मी तो पुढं ट्रेनिंगला गेल्यावर मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचला आणि जुना ओळखीचा माणूस भर बाजारात दिसावा तशी दचकले.

वाचता येईना, तेव्हा मी आईसमोर सूप घेऊन बसायला लागले. बिडी वळायला डोकं लागत नाही असं न वळणाऱ्यांना वाटतं. ओल्या गोणपाटातलं टेंभुर्णीचं पान काढायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटात वळायचं, तोंड मुडपायचं आणि दोऱ्याचे वेढे. आईच्या हातून हे चुटकी वाजवावी तसं व्हायचं. पंचवीस झाल्या की एक बंडल. माझेही हात लहानपणापासून तयार होते. तरी त्या दिवसांत संध्याकाळी माझ्या सुपात एखादंच बंडल असायचं आणि बाकी चुरा. कारण मी वळायचे, बघायचे आणि उकलायचे. ही जाड झाली. ही सैल. हिचं तोंड बरं नाही. एकदा उकललेलं पान दुसऱ्यांदा वळताना फाटतं. म्हणजे चांगली बिडी उकलली की ती खरोखरच बिघडते. हे मला कळत होतं आणि तरी हात थांबत नव्हते.

आईनं दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी मी उकलायला घेतलेली बिडी माझ्या हातातून काढून घेतली.

"ही कशापायी उकलतीस गं?"

"बिघडलीया."

"कुठं?"

"सगळीच."

"सगळी कशी बिघडंल? तोंड वाकडं हाय, का दोरा सैल हाय, का पोटात तंबाखू कमी पडलीया? कायतरी एक सांग की. दाखव."

मी बिडी फिरवून फिरवून बघितली. दाखवता येईना. त्याचंच रडू आलं.

"आई, मी करती ते समदंच बिघडतंय."

आईनं जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. ती तसली बाई नव्हे. तिनं ती बिडी बंडलात खोचली आणि म्हणाली, "उद्या माझ्यासंगं कारखान्याला चल."

कारखान्यात माल तपासून घ्यायला चेकर बसायचा. बायकांची रांग, प्रत्येकीच्या कमरेला सूप. चेकर सूप पुढं ओढायचा, बंडल सोडायचा, बिडी बोटात दाबून बघायचा आणि पसंत नसली की मोडून टोपलीत टाकायचा. या नापास मालाला छाट म्हणतात. छाट झाली की तिच्यामागचे श्रमही गेले. त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलेलं असावं. आईच्या पहिल्याच बंडलातली एक बिडी त्यानं दाबली, मोडली आणि अख्खं बंडल उचलून टोपलीत टाकलं.

"सायेब, मोडलीसा ती एक. बाकीच्या चोवीसांनी काय केलंय?" आई म्हणाली.

"शितावरनं भाताची परीक्षा हुत्या, मावशी."

मागची रांग एक पाऊल मागं सरली. चेकरच्या तोंडाला लागलेल्या बाईची पुढं महिनाभर छाट वाढते, हे सगळ्यांना ठाऊक. मी आईचा पदर ओढला. तिनं तो माझ्या हातातून सोडवून कमरेला खोचला.

"भात येका आधणात शिजतोय सायेब, म्हणून येक शीत बघून भागतंय. ह्या मी येकेक वळल्यात. तुमी बी येकेक बघा."

रांगेत कुणीतरी हुंकार भरला. चेकरनं मोठा सुस्कारा सोडून बंडल टोपलीतून परत काढलं. आई एकेक बिडी त्याच्यापुढं धरायची आणि विचारायची, "हिच्यात काय वाईट हाय? दाखवा." तो बघायचा आणि काही नाही म्हणून मान हलवायचा. मोडलेली धरून पंचवीसात तीन गेल्या. तिसरी तर आईनंच काढून त्याच्या हातात दिली. "ही मात्र खरीच छाट हाय. घ्या." उरलेल्या बावीस तिनं मोजून मालात धरायला लावल्या.

मला नवल वाटलं ते त्या तिसऱ्या बिडीचं. चेकरशी भांडायचं म्हणजे माझं सगळं सोनंच आहे असं ओरडायचं, असं मी समजत होते. आईनं तसं काही म्हटलंच नाही. वाईट होती ती तिनं आपल्या हातानं काढून दिली, त्यामुळं बाकीच्यांवर तिचा आवाज चढला आणि टिकला.

वखारींच्या लांबलचक भिंतींच्या सावलीतून आम्ही परत निघालो. आतून तंबाखू चाळणाऱ्या बायकांच्या खोकल्याचा आवाज येत होता. आईनं सूप या काखेतून त्या काखेत घेतलं. मग म्हणाली, "ह्यो चेकर भाईर बसतोय, त्याच्यासंगं भांडता तरी येतंय. तुझा आत बसलाय. त्यो मोडंल ती छाट, असं तू म्हणत ऱ्हायलीस तर सुपात काय उरंल गं?"

तिच्या आवाजात कापरं होतं. चेकरसमोर नव्हतं, माझ्यासमोर होतं. माझ्या आईला माझ्यासाठी भीती वाटत होती. ते मला त्या सावलीत कळलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला स्वतःपलीकडचं काहीतरी कळलं.

पुढचा आठवडा आईनं मला छळलं, दुसरा शब्द नाही. मी काहीही म्हटलं की पान कापता कापता तिचा प्रश्न तयार.

"कॉलेजात समदी माझ्यावर हसली."

"समदी म्हंजी किती?"

"वर्गात साठ हायत."

"साठांची तोंडं बघितलीस?"

"न्हाय. मी खाली बघत हुते."

"मग तुला कुणी सांगितलं?"

मी दुसरं पान कापायला घेतलं. मी म्हणायचे, मी नापास होणार. ती म्हणायची, पेपर झाला व्हय? मी म्हटलं, शाळेतले मार्क मास्तरांनी दयेनं दिले. यावर मात्र ती सूप हलेपर्यंत हसली. "त्यो? त्यानं सख्ख्या भाच्याला नापास केलता. तुझ्यावर बरी दया आली त्याला!" मलाही हसू आलं. आपल्या हसण्याचा आवाज मी विसरले होते, तो घरात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

दर वेळी बरंच वाटायचं असं नाही. एकदा मी चिडून ताटावरून उठले. एकदा दिवसभर तोंड फिरवून झोपले आणि आईचं 'दाखव' भिंतीवर आदळून परत गेलं. पण आतला चेकर काही बोलला की त्याला तोंडावर विचारता येतं, ही खोड मला लागत चालली. आणि छाट काहीच निघाली नाही असंही नव्हे. मला इंग्रजी बोलता येत नव्हतं, ते खरंच होतं. ती बिडी मी आईसारखी बाजूला काढून ठेवली. 'मला इंग्रजी बोलता येत नाही' आणि 'मी कामातून गेले' ही दोन वाक्यं वेगळी आहेत, हे कळायला मला एवढी तंबाखू वाया घालवावी लागली.

"त्या बोरगावच्या पोरीला विचारून ये जा," एके दिवशी आई म्हणाली. म्हणजे मंगलला. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची, रोज बोरगावहून एस.टी.नं यायची. मी स्टँडवर जाऊन उभी राहिले. चार गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीला मन म्हणायचं, ती तुला बघून तोंड फिरवणार. पाचव्या गाडीसाठी ती धावत आली, मला बघितलं आणि गाडी सोडली.

"तू त्या दिवशी हसलीस काय गं?" मी विचारून टाकलं.

"मी? अगं, मी तर सुटले म्हणून जीव भांड्यात पडलेला माझा! सरांचं बोट आदी माझ्याकडंच हुतं."

"मग कोण हसलं?"

"मागच्या बाकावरची दोघं. ती तर सरांच्या चपलेला बी हसत्यात." मग ती जरा थांबली. "तू यायची बंद झालीस. मला वाटलं, माझ्यावरच रागावलीस. मी तुझ्या जागंला उठून उत्तर दिलं न्हाय म्हणून."

म्हणजे दोन महिने मी निपाणीत आणि ती बोरगावात, दोघी आपापल्या जागी बसून एकमेकींच्या मनातलं वाचत होतो आणि दोघींचंही वाचन सपशेल चुकलं होतं. साठातले दोघं हसले होते. मी रागानं, लाजेनं, सुटल्यासारखं होऊन, सगळ्यानं मिळून तिथंच रडले. मंगलनं आपल्या रुमालानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "परवा हॉल तिकिटाचा शेवटचा दिस हाय. येतीस न्हवं?"

त्या परवाचा रस्ता मला पावलागणिक आठवतो. तिकीट घेतलं नाही तर वर्ष जाणार, आणि ते वर्ष गेलं असतं तर मी कॉलेजात परत पाऊल ठेवलं नसतं, एवढं मला नक्की माहीत होतं. कॉलेजच्या फाटकाशी पाय थांबले. आतला चेकर म्हणाला, सगळे तुझ्याकडंच बघतायत. मी मान वर करून बघितलं. एक शिपाई माठात पाणी ओतत होता. एक कुत्रं पायरीवर झोपलं होतं. बघणारे म्हणायचे तर एवढेच, त्यातल्या कुत्र्याचे डोळे मिटलेले.

ऑफिसातल्या क्लार्कनं चष्म्यावरून बघत कन्नडात विचारलं, "इष्टु दिन एल्लिद्दे?" एवढे दिवस कुठं होतीस? मी घरून पाच-सहा सबबी घोकून आले होते, सगळ्या मराठीत. त्या क्षणी तोंडातून निघालं ते कन्नडच, "आराम इरलिल्ल." बरं नव्हतं. त्यानं चष्मा वर केला. रजिस्टर पुढं सरकवलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली. मी बाहेर आले, तिकीट दोन्ही हातांत धरून. दोन महिने मी स्वतःला 'मी वाईट आहे' असं सांगत होते. 'मला बरं नव्हतं' असं मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि ते खरं होतं.

मी परीक्षेला बसले. पास झाले, इंग्रजीत काठावर. आईनं गल्लीत पेढे वाटले आणि शेवंताकाकूंनी नजर उतरवल्याचं श्रेय घेतलं. पुढं ट्रेनिंग झालं, बेळगावात नोकरी लागली. आतला चेकर काही राजीनामा देऊन गेला नाही. शाळेची तपासणी असली की येतो, परीक्षेच्या महिन्यात तर हमखास येतो. मी त्याला ओळखते, एवढाच फरक. आईच्या एका शब्दानं सगळ्यांचं सगळं बरं होतं, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. दोन वर्षांमागं माझ्या वर्गातल्या एका मुलीला कितीही 'दाखव' म्हटलं तरी तिच्या हाताला काही लागेना, तेव्हा तिच्या वडिलांची समजूत घालून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. औषधांनी ती उठून बसली. मग तिलाही दाखवता यायला लागलं.

हे सगळं गाडीत बसून आठवत होते, तोवर निपाणी आली.

आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. सूप कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं, त्यावर पातळ धूळ. त्या सुपावर धूळ मी कधी बघितली नव्हती. मी आल्याचं कळलं तरी ती वळली नाही.

"कार्ड कशाला धाडलं त्या शेवंतानं," ती भिंतीला म्हणाली. "पंधरा दिसांमागं अर्धं सूप छाट झालं. आता माझ्या हाताला कायबी कळत न्हाय. मी कामातनं गेले. तुझ्यावर भार हुनार बघ आता."

माझ्या तोंडाशी पहिल्यांदा आलं ते भलतंच होतं. आता कशाला वळतेस, मी आहे की, बेळगावला चल आणि आराम कर. प्रेमाचंच बोलणं, पण त्याचा अर्थ तिला ऐकू आला असता तो एवढाच की खरंच, तू कामातून गेलीस. मी ते गिळलं. सूप पुसलं, गोणपाटातली पानं भिजवली, आणि जरा वेळानं सगळं तिच्यापुढं उंबऱ्याजवळच्या उजेडात मांडलं.

"कुठं बिघडतंय? दाखव."

ती वळली. तिनं सुपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"माझंच मला शिकवतीस व्हय गं?"

"मग काय दुसऱ्याचं शिकवू?"

उठून बसली. तिची बोटं मी जवळून बघत होते. तंबाखू पसरली, नेमकी. वळली, घट्ट. तोंड मुडपलं, दोरा आवळला, तीच चुटकी. चुकत होतं ते त्याआधी. पत्र्याच्या मापावर पान कापताना कात्री कडेच्या बाहेर जात होती.

"आई, पत्र्याची कड दिसती का तुला?"

तिनं पत्रा उजेडाकडं धरला, डोळे बारीक केले, जवळ नेला, लांब नेला. शेवटी कड बोटानं चाचपली.

"हातानं काय केलंय मग? डोळं दाखवाय पायजेत. सोमवारी बेळगावला जाऊ. चष्मा लागंल, न्हायतर आणि काय असंल ते डॉक्टर सांगतील."

"आणि तवर?"

"तवर पानं मी कापती. तू वळ."

दुपारभर आम्ही समोरासमोर बसलो. रस्त्यावरून तंबाखूची पोती भरलेल्या गाड्या जात होत्या आणि वास घरभर भरून राहिला होता. आईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तिनं मधेच उठून भाकरी आणि ठेचा घेतला. मी कापलेल्या पानाची पहिली बिडी तिनं बोटात दाबून बघितली, माझ्यापुढं धरली. "ही छाट हाय." मी बघितली. तिचंच खरं होतं, पान मी वाकडं कापलं होतं.

"हाय. ठेव ती बाजूला. आता दुसरी दाखव."

दुसरी तिनं उजेडात धरली, फिरवली, कानाशी नेऊन दाबली. मग तिची बोटं दोऱ्याच्या गाठीशी गेली. मला वाटलं, उकलते आता. तिनं गाठ चाचपून बघितली आणि बिडी बंडलात खोचली.